लाल ठिपक्याचं पान

१

शेहेचाळीस नंबरच्या पानानंतर थेट एकोणपन्नास.

आरोग्यसेविका सीता मेस्त्रीने लसीकरणाचं जुनं रजिस्टर वकीलबाईंच्या पुढ्यात उघडं धरलं आणि तिचा हात तसाच हवेत राहिला. मधलं पान शिवणीपासून गेलं होतं. ओरबाडून नव्हे, पट्टी लावून, सरळ रेघेत, केळीचं पान देठापासून कापावं तसं निगुतीने.

"सोमवारी होतां," सीता म्हणाली. "ह्या वकिलांनीच बघितल्यानी."

आरोग्य खात्यातर्फे आलेला तरुण वकील देवेश खिडकीशी उभा होता. त्याने मान हलवली. "मी झेरॉक्स काढायला आलो होतो. वीज गेली म्हणून तसाच परत गेलो. पान होतं, हे खरं."

आज गुरुवार होता. शुक्रवारी तडजोडीवर सह्या व्हायच्या होत्या.

तडजोड घडवून आणायला नेमलेल्या गौरजा पेडणेकर मालवणात पंचवीस वर्षं वकिली करत होत्या. भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये बसायचं आणि दोघांनाही थोडं थोडं रागवायचं, हे त्यांचं काम. धामापूरच्या तळ्यापलीकडच्या या वायंगसडा गावात त्या स्कूटरवरून आल्या होत्या, ते एका दीड वर्षाच्या मुलीच्या पायासाठी. श्रावणातल्या एका बुधवारी चारू धुरी या मुलीला सीताने लस दिली. दुसऱ्या दिवशी मुलीचं उजवं पाऊल खाली लोंबू लागलं, ते अजून लोंबतंच आहे. बापाने, मंगेश धुरीने, भरपाईचा दावा लावला होता.

"यात अवघड काही नाही, बाई," देवेश म्हणाला. "खातं रक्कम द्यायला तयार आहे. 'सेविकेच्या हातून झालेल्या इजेबाबत तडजोड' असं एक वाक्य लिहायचं आणि फाईल बंद."

"खाता तयार आसात," सीता म्हणाली. "मी नाय."

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण भिंतीवरची पाल चुकचुकायची थांबावी असा तो आवाज होता.

"तेवीस वरसां ह्या गावात आसंय, बाई. व्हाळाक पाणी इला तेव्हा लसीचो डबो डोक्यार घेवन पोचलंय. चार वाडयेतला एक पोर चुकाक नाय. आणि आता त्या एका वाक्यान माझो हात पांगळो ठरतलो? गेल्या बुधवारी एकतीस पोरां येवची, नऊ इली. बायो माका बघून पोरांक पदराखाली लपवतत."

देवेशने घसा साफ केला. "वाईट वाटून घेऊ नका, पण पान फाडलंय म्हणजे त्यात लपवण्यासारखं काही होतं. आणि या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

 किल्ली सीताच्या कमरेला होती.

२

धुऱ्यांचं घर पोफळीच्या बागेमागे होतं. खळं सारवलेलं, मळणीचा पेंढा एका बाजूला रचलेला, आणि ओटीच्या भिंतीवर लष्करी पदकांची काचेची चौकट. चौकटीखाली आरामखुर्चीत चारूचे आजोबा, विश्राम धुरी. लष्कराच्या इस्पितळात नर्सिंगचं काम करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण गावाने त्यांना कधीच मेजर करून टाकलं होतं.

"येवा, वकीलबाय," मेजर उठून उभे राहिले. चौऱ्याहत्तरीतही पाठीला बाक नव्हता. "संचिता, पाणी हाड गो."

मंगेश नांदगाव स्टेशनात रेल्वेच्या कामाला होता, आठवड्याने घरी यायचा. तो बोलू लागला तसा त्याचा आवाज फाटला.

"माझ्या चेडवाक धावताना बघूचा होता माका. बाकी काय मागतंय मी? त्या बायन उजव्या मांडयेत सुई टोचली आणि उजवो पाय गेलो. सरळ गोष्ट आसा."

"उजव्या मांडीत, हे तुम्ही पाहिलंत?"

"मी रेल्वेत होतंय. बाबांनी सांगल्यानी."

गौरजाबाईंनी मेजरांकडे पाहिलं. मेजर पदकांच्या चौकटीकडे पाहत होते.

तेवढ्यात चारू बाकड्याला धरून ओटीवर आली. गौरजाबाईंची नजर तिच्या पायावर ठरली. पोर उजवा गुडघा उंच उचलत होती, पाणथळीतल्या बगळ्यासारखा. मांडी गोल, भरलेली, जोरकस. खालचं पाऊल मात्र ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं आणि अंगठा जमिनीवर घासत होता. आजोबांजवळ पोचल्यावर तिने त्यांच्या धोतराला धरून हसून वर पाहिलं. मेजरांनी तिला उचललं नाही. हात पुढे आले आणि मागे गेले.

गौरजाबाई पाणी प्यायच्या निमित्ताने आत स्वयंपाकघरात गेल्या. चारूची आई संचिता चुलीशी बसून तांदूळ निवडत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती.

*माझ्या चारूच्या पावलाक नदर कोणाची लागली,*
*सांगू कसा गो सातेरी, जीभ उंबऱ्यात अडाकली.*

"ही ओवी कोणाची गो?" गौरजाबाईंनी विचारलं.

संचिता दचकली. "माझीच. उगीच आपली."

"लसीनंतर ताप आला होता ना चारूला?"

"इलो होतो. सांजच्याक. नर्सबाय सांगान गेली होती, ताप येतलो, भियाव नको, औषध दी म्हणान."

"मग उतरला कधी?"

"अर्ध्या तासात घाम सुटलो तिका." इतकं बोलून संचिताने एकदम खाली पाहिलं, जणू सुपातला एखादा खडा आता सुटून चालणार नव्हता.

गौरजाबाईंनी कोनाड्याकडे पाहिलं. तिथे तापाच्या औषधाची बाटली होती, वर सीताच्या अक्षरात तारीख आणि किती चमचे ते लिहिलेली. त्यांनी ती हातात घेतली. झाकणाचं सील जसंच्या तसं होतं.

बाहेर खळ्यात कुणीतरी काठी आपटली. "मेजर! ओ मेजर! गुडघ्यान जीव घेतल्यान माझो. आज तरी सुई मारतलास?"

ग्रामदेवी सातेरीच्या देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा म्हातारा दाजी होता तो.

"सोडलंय मी ता काम, दाजी," मेजरांचा आवाज आला.

"श्रावणापासून ह्याच आयकतंय! तीस वरसां सुयो मारलास आणि माझोच गुडघो दुखाक लागल्यार तुमका वैराग्य इला?"

मेजर हसले नाहीत. स्वयंपाकघरात संचिताचा हात सुपात थांबला.

३

संध्याकाळी उपकेंद्राच्या पायरीवर बसून गौरजाबाईंनी ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. पोर चालते कशी, तेवढंच सांगितलं.

"मांडी जोरकस आहे आणि नुसतं पाऊल पडलंय?" डॉक्टर म्हणाले. "मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या अंगाला लस देतात, तिथल्या सुईने असं होत नाही. पायाची मोठी शीर कुल्ल्यातून खाली उतरते. तिथे चुकीच्या जागी सुई गेली तर पाऊल असं लोंबतं. घरच्यांनी डॉक्टरला दुसऱ्या इंजेक्शनचं सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग सांगायला लावा. लहान मूल आहे. तपासणी करून व्यायाम लवकर सुरू केले तर सुधारायची आशा चांगली असते. चार महिने आधीच गेलेत."

फोन ठेवून गौरजाबाई सीताकडे वळल्या. "तू लस कोणत्या मांडीत दिलीस?"

"डाव्या. नेमच तो. आणि मी लिवन ठेवतंय. म्हंजे लिवत नाय, ठिपको देतंय." सीताने रजिस्टरची दुसरी पानं उलगडली. प्रत्येक मुलाच्या नावाच्या कडेला लाल पेनाचा बारीकसा ठिपका होता. "नावाच्या डाव्या अंगाक ठिपको म्हंजे डावी बाजू. उजव्या अंगाक म्हंजे उजवी. छापील रकान्यात ह्याका जागा नाय."

गौरजाबाईंनी देवेशला हाक मारली. "हे लाल ठिपके सोमवारी पाहिलेस का रे?"

"पाहिले ना. पेन गळत असेल."

"पेन! तेवीस वरसां गळता तर!" सीता उसळली. "तुमच्या खात्याच्या सायबांनीय कधी इचाराक नाय."

"मग तुला शिकवलं कोणी?"

सीताच्या चेहऱ्यावर तेवढ्या रागातही उजेड आला. "मेजरांनी. मी इलंय तेव्हा एकवीस वरसांची, हात कापायचे. तेच म्हणाले, पलटणीत जखम खंयच्या अंगाक ता आधी मांडतत, मगे औषध. आपल्या हाताचो हिशेब आपण ठेवचो. तेंनी शिकवला म्हणान मी उभी आसंय."

"आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"कोणाकच नाय. ता आमच्या दोघांतला."

गौरजाबाईंनी रजिस्टर मिटलं. सोमवारपासून उपकेंद्रात कोण आलं, ते त्यांनी विचारून घेतलं. तिघं. देवेश, तो सोमवारीच. संचिता, मंगळवारी गोळ्या न्यायला. आणि मेजर, बुधवारी रक्तदाब मोजून घ्यायला. सीता बाहेर पोरांना लस देत होती तेव्हा आतल्या खोलीत बसलेले. बुधवारी कपाट उघडंच असतं.

"बाई, सांगा ना कोणी फाडलां?"

"आधी हे सांग. त्या पानावर नाव, वय, लस, कुपीचा नंबर. यातलं काय तुला वाचवतं?"

"काय नाय. फकत ठिपको."

"म्हणजे ठिपक्याचा अर्थ ज्याला कळत नाही, त्याला ते पान फाडायचं कारण नाही."

 सीताचा चेहरा पांढरा पडला. "नाय ओ बाई. सूर्य पश्चिमेक उगवात, पण ता नाय. तुमी चुकतास."

"चुकले तर मला आनंदच आहे," गौरजाबाई म्हणाल्या. "उद्या सह्या करायच्या आधी सातेरीला गाऱ्हाणं घालायची रीत आहे ना तुमच्याकडे?"

"रीत आसा. गावातली कसलीय तडजोड आधी देवीच्या कानार घालूची लागता."

"आणि गाऱ्हाण्यात खोट्याला होकार दिला तर?"

सीताने दोन्ही कानांना हात लावले. "कोर्टात खोटा बोलणारे बघलंय मी. गाऱ्हाण्यात कोण बोलाक नाय अजून."

गौरजाबाईंनी स्कूटर काढली आणि दाजीच्या घराची वाट विचारली.

४

सकाळी सातेरीच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. तडजोड एका घराची, पण ज्यांची पोरं लस घ्यायची थांबली होती ती सगळी घरं आली होती. पुरुष पुढे, बायका मागे खांबांपाशी. देवीसमोर पहिल्या मानाच्या जागी मेजर उभे होते. 'व्हय म्हाराजा' म्हणायला पहिला आवाज त्यांचा लागायचा, मग गावाचा. पिढ्यान्‌पिढ्या तो मान धुऱ्यांचा.

दाजीने नारळ पुढ्यात ठेवला, काठी बाजूला केली, आणि गुडघा विसरून ताठ झाला.

"गे माये सातेरी! बारा-पाचाचे समस्त देवसत्ते! तुझी लेकरां आज तुझ्या पुढ्यात जमली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मेजरांचा आवाज गाभाऱ्यात घुमला, मागून गावाचा.

"धुऱ्यांच्या घरातल्या चेडवाचा पाऊल पडलां, तेचा दुख्ख सगळ्या गावाक आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लस दिली त्या दिसा चेडवाक ताप इलो, जसो सगळ्यांच्या पोरांक येता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दाजीने एकदा गौरजाबाईंकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

"तो ताप उतरवक म्हणान घरात आणिक एक सुई निघाली. मायेपोटी निघाली, वैरापोटी नाय, म्हाराजा!"

देऊळ थांबलं.

मेजरांचे ओठ हलले. आवाज आला नाही. आणि पहिला आवाज लागत नाही तोवर गाव बोलत नसतं. शंभर माणसं तोंडात शब्द धरून उभी राहिली. मंगेशने वळून बापाकडे पाहिलं. आधी नवलाने, मग भीतीने.

तेव्हा मागून, खांबाआडून, एक आवाज आला. त्या देवळात त्या ओळीला पहिला आवाज बाईचा लागल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"व्हय म्हाराजा," संचिता म्हणाली. चारू तिच्या कडेवर होती.

५

मेजर वळले. सुनेकडे पाहिलं, आणि सगळ्यांना वाटलं आता कडकडाट होणार. पण म्हाताऱ्याने तिच्यापुढे मान किंचित झुकवली.

"बरा केलंस, संचिता. माझ्या तोंडातलो शब्द तू काढलंस."

मग ते देवीकडे नव्हे, गावाकडे तोंड करून उभे राहिले.

"चाळीस वरसां सुयो दिलंय ह्या हातान. पलटणीत दिलंय, तुमच्या घरात दिलंय. त्या सांजेक चेडू तापान फणफणला होता. संचिता म्हणाली, बाबा, नर्सबायन औषध दिल्यान ता देवया. मी म्हटलंय, मेजराच्या घरात सिरप? उजव्या कुल्ल्यात सुई दिलंय. हात कापलो. चेडू असा किंचाळला की माका तेव्हाच कळला. सकाळी पाऊल बघलंय आणि तोंड उघाडला नाय. म्हातारो झालंय, ह्या कबूल करूचा होता फकत. ताच जमाक नाय."

"आणि मी दावो लावलंय, बाबा!" मंगेश ओरडला. "तुमच्या शब्दार! उजवी मांडी तुमी सांगलात!"

"सांगलंय. आणि रजिस्टर येतला म्हणान कळल्यार पान फाडलंय. तो ठिपको मीच शिकवलेलो. तो ऱ्हवलो तर सीताचो हात सुटात आणि माझो सापडात." त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. "जाळूचा म्हणान चुलीकडे दोनदा गेलंय. तिच्या अक्षराक आग लावक हात धजाक नाय."

गौरजाबाईंनी पान उलगडून देवेशच्या हातात दिलं. चारू मंगेश धुरी. नावाच्या डाव्या अंगाला लाल ठिपका.

"तुम्हाला आधीच कळलं होतं?" देवेशने हळूच विचारलं.

"औषधाचं सील तुटलं नव्हतं आणि ताप अर्ध्या तासात उतरला होता. मांडी धड होती आणि पाऊल पडलं होतं. तीस वर्षं सुई देणारा माणूस त्याच श्रावणात थांबला होता. पान पट्टी लावून कापलं होतं. घाबरलेला माणूसही ज्याची शिस्त सोडत नाही, असा गावात एकच. पण हे सगळं मी बोलले असते तर तो आरोप झाला असता. त्यांनीच बोलायला हवं होतं."

मंगेश खांबाला टेकून रडत होता. संचिता त्याच्याजवळ गेली आणि चारूला त्याच्या हातात दिलं. 

तडजोडीचा कागद देवळाच्या पायरीवर नव्याने लिहिला गेला. दावा मागे. चारूची तपासणी, पावलाला आधार देणारी पट्टी, व्यायाम, सगळं खातं पाहील. देवेशने वरिष्ठांना फोन करून ते कबूल करून घेतलं. "चूक म्हणून नाही," तो फोनवर म्हणत होता, "मूल आपल्या जिल्ह्याचं म्हणून," आणि स्वतःच्याच आवाजाचं त्याला थोडं नवल वाटत होतं. डॉक्टरांकडे पहिली खेप सोमवारची ठरली.

"सीता," गौरजाबाई म्हणाल्या, "तुझं काही?"

सीता आतापर्यंत एका बाजूला उभी होती. मेजर तिच्यासमोर गेले. त्यांनी हात जोडले तसे तिने ते धरून खाली केले.

"हात जोडू नकात. तुमचे हात जोडलेले माका बघवचे नाय." तिचे डोळे भरले होते, मान ताठ होती. "माका माफी नको. नोटीस लावन, पेपरात छापून नको. वायंगसड्यात चौसष्ट घरां आसत. चौसष्ट दारांत माझा नाव गेलां. ता दारोदार जावन परत हाडा. तुमच्या तोंडान. पायांनी चलान."

मेजरांनी तिच्याकडे पाहिलं. आपण शिकवलेल्या शिपायाने आपल्यालाच हुकूम द्यावा आणि तो बरोबर असावा, असं काहीसं त्यांच्या डोळ्यांत चमकून गेलं.

"जातंय," ते म्हणाले.

देवेशने लेखणी थांबवली. "पण बाई, हे कलम कुठल्या कायद्यात बसतं?"

"ह्या गावात बसतं," गौरजाबाई म्हणाल्या. "लिही."

सह्या झाल्या. दुपारच्या उन्हात गौरजाबाई उपकेंद्राशी लावलेली स्कूटर काढत होत्या, तेव्हा वाटेवरून मेजर येताना दिसले. घरी जाऊन लष्करी कोट चढवून आले होते. छातीवर पदकं, पायांत पॉलिश केलेले बूट, केस पाण्याने चापून बसवलेले. लग्नाला जावं तसे. मंगेश चार पावलं मागून चालत होता, कडेवर चारू.

पहिलं घर उपकेंद्रासमोरचंच. मेजरांनी कडी वाजवली आणि उंबऱ्याबाहेर टाचा जुळवून उभे राहिले. आतून एक म्हातारी डोकावली. कान जड, नजर तेज.

"मेजर? इतक्या उन्हात खंय? कोणाचा लगीन?"

"सांगूक इलंय," मेजर म्हणाले. "चारूच्या पावलाक सीता नर्सबायचो हात लागाक नाय. चूक माझ्या हाताची. पोरांक बुधवारी लसीक पाठवा."

म्हातारीने त्यांना पदकांपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग दाराची दुसरी फळीही उघडली.

"मोठ्यान सांग," ती म्हणाली. "शेजारच्यांकय आयकाक जावंदे."

मेजरांनी छाती भरून श्वास घेतला, आणि परेडच्या मैदानावर कमावलेला तो आवाज साऱ्या वाडीवरून गेला. उपकेंद्राच्या पायरीवर सीता उभी होती. शब्द न्‌ शब्द तिच्यापर्यंत पोचला. मेजर पुढच्या दाराकडे वळले, तरी ती तशीच उभी राहिली. अजून त्रेसष्ट दारांवरचं ऐकायचं होतं.